पाडव्याला सुटलेला भागीदार

निरंजन माझ्या तेलीबांध्याच्या वकिलीच्या ऑफिसात मालकासारखाच शिरला. मागून त्याची विधवा वहिनी पद्मिनी. खुर्ची एकच रिकामी होती आणि तिच्यात हा बसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

उरला इंडस्ट्रियल एरियातली त्यांची लोखंडाची रोलिंग मिल बंद पडली होती, शेवटच्या वर्षाचा इन्कम टॅक्स थकवून. फर्म भरत नसेल, तर वसुली भागीदारांच्या घरावर येते. एक भागीदार, निरंजनचा साळा, गाव सोडून पळालेला. दुसरी पद्मिनी. तिच्याजवळ नवऱ्यामागे राहिलेलं दोन खोल्यांचं घर तेवढं. वकीलपत्र तिनं दिलं होतं, बोलत मात्र हाच होता.

"विका म्हणावं घर, मॅडम. कायदा म्हणजे कायदा. कागदावर नाव वहिनीचंच आहे."

"भाऊजी म्हणाले सही करा, मी केली," पद्मिनी म्हणाली. "मिल तर मी आतून पाह्यलीच नाही."

"आणि तुम्ही?" मी त्याला विचारलं.

"मी तर सुटलो न! मार्च एंडलेच निघणार होतो, पण पंडितजी म्हणाले, पाडव्यापर्यंत थांबा. पाडव्याले वहिनीले आत घेतलं, मी बाहेर. पेढे वाटले अख्ख्या पाऱ्यात, घरोघरी."

बुडत्या मिलमध्ये विधवेला ढकलून पेढे वाटणारा माणूस! मला त्याची किळस आली.

"त्या वर्षी पाडवा एप्रिलात होता."

"मंग? आठ-दहा दिवसानं काय होते?"

"थकलेल्या टॅक्सचं वर्ष त्याच एक एप्रिलला सुरू झालं, पंडितजींना विचारून नाही. त्या वर्षात जो एक दिवसही भागीदार होता, त्याच्याकडून सगळा कर वसूल करता येतो."

त्याचा चेहरा पडला. "मी माह्या दिवसापुरतं भरतो न, मॅडम."

"कलमात दिवसांची वाटणी नाही. अधिकारी कोणालाही धरू शकतो. या दोन खोल्या विकून कराचं व्याजसुद्धा निघणार नाही. तुमच्या बंगल्यात सगळं फिटेल. तसा अर्ज मी आजच देते आहे."

निरंजन ताडकन उठला. आता कुठे त्याला वहिनी दिसली. खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, "बसा न, वहिनी. आपण घरचेच लोक."

पद्मिनी बसली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "भाऊजींच्या बंगल्याचा पत्ता सांगते, लिहून घ्या."