तळ्याकाठचा मठ

सासरे गेल्यावर दोघा भावांनी त्यांच्या जुन्या टपाल तिकिटांची वाटणी केली. डोंगर-नद्या थोरल्या दादांना, देवळं-मठ-मनोरे आमच्या ह्यांना. अडलं ते एका जांभळ्या तिकिटावर. तळ्याकाठचा मठ. तळं बघावं तर दादांचं, मठ बघावा तर ह्यांचं, आणि अख्ख्या संग्रहात दुर्मीळ काय ते तेवढंच.

दादा म्हणाले, "तूच ठेव."

झालं. भांडले असते तर हे सुखाने झोपले असते.

"इतक्या सहज कोण देतं गं? खरं स्वतःकडे ठेवून नक्कल माझ्या गळ्यात मारली असणार."

"अहो, सख्खा भाऊ आहे तो तुमचा."

"म्हणून तर."

मी हात टेकले. स्वभावाला औषध नाही.

मग सुरू झालं भिंग. कडेचे दाते मोजून झाले, कागद उजेडात धरून झाला. दादांचा फोन आला की हे भुवया उडवून माझ्याकडे बघायचे. शेवटी माझी काचेची बशी घेतली, पाणी ओतलं आणि तिकीट त्यात सोडलं. मागचा डिंक सुटताना जुना-नवा कळतो म्हणे. डिंक राहिला बाजूला, रंगच पाण्यात उतरला. मठ गेला, तळं गेलं, फिकट चिटोरं उरलं.

"बघ, नकली," हे म्हणाले. इतके खूश झाले की मला संताप आला.

पुरावा पक्का करायला ते चिटोरं घेऊन आम्ही तिकिटांच्या व्यापाऱ्याकडे गेलो.

"पाण्यात कुणी घातलं हे?" त्याने कपाळाला हात लावला. "ह्याची शाई मुद्दाम विरघळणारी. वापरलेलं तिकीट कुणी धुऊन पुन्हा चिकटवू नये म्हणून. नकलेचा रंग हलला नसता. हे अस्सल होतं."

येताना मी तोंड मिटून घेतलं. उघडलं असतं तर रस्त्यातच तमाशा झाला असता.

रविवारी दादा आले. चहा झाल्यावर म्हणाले, "तो मठ दाखव रे जरा. बाबा मला मांडीवर घेऊन दाखवायचे."

ह्यांचा चेहरा उतरला. "हरवला."

दादा ह्यांच्याकडे बघतच राहिले. "विकलंस ना? खरं सांग."

खरं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचं, तर भावाला चोर ठरवलं होतं हेही सांगावं लागणार. ह्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"हो, विकलं," हे म्हणाले.

"वेड्या, अडचण होती तर मला सांगायचंस," दादा म्हणाले आणि त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "अजून किती कमी पडतायत?"