गोधनमहाराजांचं चूर्ण

गुरुवार उजाडला की रहिमतपूरच्या अलीकडच्या त्या माळावर पाय ठेवायला जागा नसे. टेम्पोतून गाई उतरत होत्या, बायका शेणाचिखलात रांग धरून उभ्या होत्या आणि मांडवातल्या कर्ण्यावरून गोधनमहाराज गरजत होते.

"सह्याद्रीच्या सात कड्यांवरच्या दिव्य वनस्पती! हिमालयात गुरूंनी कानात सांगितलेला मंत्र! आटलेल्या गाईला पान्हा फुटतो, भक्तहो! मात्र ज्या घरात मांसमच्छी शिजते, त्या घरी या चूर्णाची माती होते, माती!"

हिमालयातला मंत्र सह्याद्रीतल्या पाल्याला कसा लागू पडतो, हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कोण? चूर्ण चारलेल्या गाई खरंच जास्त दूध देत होत्या. कोरेगावच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. घरोघरची मटणाची पातेली माळ्यावर गेली होती आणि जावई आला तरी त्याची वांग्यावर बोळवण होऊ लागली होती.

रांगेत पुढेच लीलाबाई होती. नवरा गेल्यावर तिनं गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून तिच्या चुलीला अंडंसुद्धा ठाऊक नव्हतं. पंगतीत शेजारी रस्सा आला तर ती आपलं ताट उचलून उंबऱ्याबाहेर जाऊन बसे. आणि इथं चूर्ण वाटायला बसला होता हरिबा, तिचा सख्खा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा लीलाबाईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. बाकीच्यांचा विश्वास महाराजांवर होता, तिचा हरिबावर.

महाराजांची रीत अशी की चूर्ण आधी घरधनिणीनं जिभेवर ठेवायचं आणि मगच गाईला चारायचं. हरिबानं बहिणीच्या तळहातावर चिमूट ठेवली. तिनं डोळे मिटून ती तोंडात टाकली.

"उग्र लागतंय रं जरा."

"औषदी पाला हाय ताई. गूळ-कापूर घातलाय, तरी लागनारच."

"तू न्हाई घेत?"

"माजा गुरवारचा उपास न्हवं का."

भाऊ इतका देवाधर्माला लागला, याचं लीलाबाईला कोण कौतुक वाटलं.

तिच्या चंद्री गाईचंही दूध वाढलं. महाराजांचा फोटो देव्हाऱ्यात गेला. सगळं सुरळीत चाललं असताना मांजरानं घोळ घातला. वाटीतलं दूध तसंच टाकून ते गोठ्यात गेलं आणि चूर्णाची पिशवी फाडून आतली भुकटी चाटू लागलं. लीलाबाई आधी हसली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुत्र्यानंही तीच पिशवी ओढून नेली, तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं.

चंद्रीला तपासायला जनावरांची डॉक्टर क्रांती आली होती. लीलाबाईनं सहज विचारावं तसं तिला त्या चूर्णाबद्दल विचारलं. क्रांतीनं भुकटी पाण्यात टाकली. पाण्यावर तेलकट तवंग आला. भिंगातून बराच वेळ पाहून ती म्हणाली, "काकू, हा पाला नाही. मला तर हे कोंबडीचं वाटतंय."

लीलाबाई ताडकन उठली. "त्वांड सांबाळून बोल, पोरी! माजा भाऊ वाटतोय त्ये. त्यो मला कोंबडी चारंल व्हय?"

"मग त्याच्यासमोरच बघा. चिमूटभर विस्तवावर टाका. पाल्याचा धूर कसा आणि पिसाचा कसा, ते तुम्हाला मी सांगायला नको."

"टाकते की! आनि तू बी चल संगं. समद्यांम्होरं माजी माफी माग."

पुढच्या गुरुवारी दोघी मांडवात शिरल्या. हरिबानं नेहमीसारखी चिमूट दिली. लीलाबाईनं ती तोंडात टाकली नाही. मूठ मिटून ती महाराजांपुढच्या धुनीकडे वळली.

"ताई, नगं!"

हरिबा ओरडला आणि धूर निघायच्या आधीच लीलाबाईला सगळं कळलं. तरी तिनं मूठ उघडली.

धूर उठला. पुढं बसलेल्या शकुंतलेनं नाकाला पदर लावला. "आगं बया! ही तर पिसं जळल्याली! कोंबडी भाजताना येतोय त्योच वास!"

"हा त्या बाईच्या पूर्वजन्मीच्या पापाचा वास आहे!" महाराजांनी चिमटा आपटला.

"मग माजं बी पाप बगू द्या," म्हणत शकुंतलेनं आपली चिमूट धुनीत टाकली. मग तिसरीनं टाकली, चौथीनं टाकली. साऱ्या तालुक्याच्या पापाला एकच वास येऊ लागला, तेव्हा महाराजांना अचानक समाधी लागली. क्रांतीनं फोन करून बोलावलेली पोलिसांची गाडी आल्यावर मात्र ती लगेच उतरली.

गाडी येईपर्यंत क्रांतीनं बायकांना समजावलं. "कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात आतडी, डोकी, पाय, पिसं उरतात. ती शिजवून, वाळवून, दळून अशी भुकटी करतात. माशांच्या, कोंबड्यांच्या, कुत्र्यांच्या खाद्यात ती उघडपणे घालतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण गाय चारा खाणारी. कुठं शिजवली, कशी साठवली याचा पत्ता नसलेली भुकटी तिला घालणं म्हणजे रोगाला बोलावणं. माणसाच्या तोंडासाठी तर ती नाहीच नाही."

"पर दूध वाडलं त्ये?" एकीनं विचारलं.

"साखर कारखाना सुरू झाल्यापासून गाईंना काय घालताय?"

"वाडं. उसाचं शेंडं."

"नुसतं वाडं! त्यानं पोट भरतं, पण दुधाला प्रथिनं लागतात. ती या भुकटीतून मिळाली. सरकीची पेंड घातली असती तरी दूध वाढलंच असतं. माझ्या आईची गाय पेंड खाते आणि मंत्राशिवाय दूध देते."

लीलाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती हरिबापुढं उभी होती.

"तुला ठावं हुतं. म्हनून तुजा उपास."

"ताई, दूध तर वाडलं न्हवं?"

"माळ घातल्याल्या भनीला हातानं भरवलंस रं. कडंवर घेऊन तुला भरवत हुते मी, आनि त्याची ही परतफेड." ती रडली नाही. घरी येऊन तिनं देव्हाऱ्यातला फोटो काढून चुलीत घातला. माळ मात्र काढली नाही. माळेनं तिला फसवलं नव्हतं.

आता गावात कुणी दोरा, अंगारा, काढा घेऊन आला की लीलाबाई आडवी जाते. "ह्यात काय हाय? आनि देनारा सोता घेतोय का?" वाचकहो, तुम्हीही एवढंच विचारा. विचारल्यानं देव कोपत नाही. कोपतो तो भुकटी विकणारा.

पुढच्या भाऊबीजेला हरिबा पेढ्यांचा पुडा घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. लीलाबाईनं पुडा सोडला आणि एक पेढा त्याच्यापुढं धरला.

"आदी तू खा."

हरिबानं खाली मान घालून तो खाल्ला. लीलाबाईनं त्याला ओवाळलं, जेवायला वाढलं. पुड्यातल्या बाकीच्या पेढ्यांना मात्र तिनं हात लावला नाही.