झाकणावरची डहाळी

शनिवारी सकाळी लावण्याने दोन इडल्या कशाबशा गिळल्या आणि तिसरीला हातही लावला नाही. आई थक्कच झाली, कारण परीक्षेच्या दिवशीही ही पोरगी ताट पुसून उठायची. पण आजची परीक्षा तिची एकटीची नव्हती. शाळेच्या रोबॉटिक्स चमूने यंत्राचे भाग संगणकावर आखायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, ते आज ठरणार होतं. आणि तुळसी चमूत राहणार की जाणार, हेही त्यातच ठरणार होतं.

तुळसी म्हणजे लावण्याची आतेबहीण. दोन भाग एकमेकांत कसे बसतील हे तिच्याइतकं चमूत कोणालाच सुचत नसे. पण तिच्या वडिलांनी तिरुनीलक्कुडीला शेती कसायला घेतली आणि शाळा सुटली की बिचारीला बस गाठायला धावावं लागे. चमूचं काम सुरू होई ते नेमकं तेव्हा. जुनं सॉफ्टवेअर लॅबमधल्या एकाच मोठ्या संगणकावर चाले. तिथे हजर नसेल त्याला काम नाही. नवं ब्राउझरमध्ये उघडे, आणि एकाच आखणीवर चौघं चार गावांहून एकदम काम करू शकत, अगदी मोबाइलवरूनसुद्धा. लावण्याला हे कळलं तेव्हा ती अंगणात उड्या मारत सुटली होती.

कप्तान मध्वेशने मात्र नाक मुरडलं होतं. जुनं सॉफ्टवेअर म्हणजे त्याचा हातचा मळ. "एका हत्तीवर चार माहूत बसवतां काय?" तो म्हणाला होता.

शेवटी चंद्रमौली सरांनी तोडगा काढला. दोन्ही गटांनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक यांत्रिक पंजा आखायचा आणि थ्रीडी प्रिंटरवर छापायचा. पंजाने कॉफीने भरलेला पितळी पेला उचलून शेजारच्या टेबलावर ठेवायचा. लावण्याच्या गटाला जमलं तर नवं सॉफ्टवेअर, सांडलं तर जुनं.

मध्वेशच्या पंजाने पेला असा अलगद नेला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. लावण्यानेही वाजवल्या.

मग तिची पाळी आली. पंजाची दोन बोटं मिटली, पेला वर उठला... आणि एक बोट आपल्या खिळीवर लटलट हललं, पेला तिरपा झाला आणि गरम कॉफी सरांच्या पांढऱ्याशुभ्र वेष्टीवर!

"अय्यय्यो!" सर दोन पावलं मागे उडाले. मध्वेश हसला नाही, पण न हसण्यासाठी त्याला फार कष्ट पडत होते.

"सार, अजून एक वेळ द्या!" लावण्या कळवळून म्हणाली.

सरांनी धोतरासारखी नेसलेली वेष्टी झटकली. तिचा चेहरा बघून त्यांचं मन विरघळलं असावं. "सरोजाक्का दुसरी कॉफी करून आणेपर्यंत," ते म्हणाले. "कॉफी आली की संपलं."

देवाची कृपा म्हणायची, की कँटीनच्या सरोजाक्का जन्मात कधी घाई करत नसत. दूध पुन्हा उकळल्याशिवाय त्यांची कॉफी होत नसे.

लावण्याने तुळसीला फोन लावला. काल पंजा छापून बघितला तेव्हा बोट खिळीवर घट्ट अडकलं होतं, आज तेच ढिलं कसं?

"तुळसी, काल बोट अडकत होतें म्हणून म्या त्याचें भोंक मोठें केलें..."

"तूं केलीस? अगो, म्या तर खिळी बारीक केली! मज सांगितलीस कां नाहीं?"

"तूं सांगितलीस काय?"

आणि दोघी एकदमच ओरडल्या, "मीठ!"

मीठ म्हणजे काय, हे त्या दोघींच्या घरात कोणाला सांगावं लागत नसे. गोविंदपुरम गावच्या उत्सवाला, दक्षिणेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या ह्या मराठी घरांतल्या बायका मिळून रांधत. एके वर्षी सांबाराच्या हंड्यात जी ती 'राहिलं असेल बाई' म्हणून मूठ मूठ मीठ टाकून गेली. जेवणानंतर भजनाला बसलेली मंडळी अभंग कमी आणि पाणी जास्त मागू लागली. तेव्हापासून नियमच पडला. जी मीठ टाकेल तिने झाकणावर कढीलिंबाची डहाळी ठेवायची. डहाळी दिसली की दुसरीने मिठाला हात लावायचा नाही.

"माझें राहूं दे, तुझें काढ!" लावण्या म्हणाली. "लवकर!"

"थांब, गच्चीवर जातें, खालीं सिग्नल नाहीं."

लॅबच्या पडद्यावर काहीच हलेना. कँटीनमधून भांड्यांचा आवाज आला. लावण्याने नखं कुरतडायला सुरुवात केली. आणि अचानक पडद्यावरची खिळी आपोआप जाड झाली. बदलांच्या यादीत तुळसीचं नाव उमटलं आणि तिने कालचा बदल मागे घेतल्याचं दिसलं.

मध्वेश खुर्ची ढकलून पुढे आला. "हें कोण हलवतें?"

"तुळसी. घराच्या गच्चीवरून."

"आत्तां? ह्या क्षणीं?" त्याचे डोळे हंडीएवढे झाले. "म्हणजे मीही घरून..." तो पडद्याशी आणखी जवळ वाकला.

खिळी बोटभरसुद्धा नव्हती, भराभर छापून झाली. लावण्याने ती बसवली आणि बोट हलवून बघितलं. सहज फिरत होतं, पण डगमगत नव्हतं. तेवढ्यात दारात सरोजाक्का आल्या, फेसाळ कॉफी घेऊन.

सर या वेळी चांगले लांब उभे राहिले. पंजा मिटला. पेला उठला, हवेतून सरकत गेला आणि टेबलावर असा टेकला की वरचा फेससुद्धा हलला नाही.

लावण्याने एवढ्या जोराने आरोळी ठोकली की फोनमधून तुळसी घाबरून ओरडली, "पडला काय?"

"नाहीं गे! जिंकलों! जिंकलों!" आणि हसता हसता तिला रडूच फुटलं.

सरांनी तीच कॉफी उचलून एक घोट घेतला. "नवं घेऊ," ते म्हणाले. "पण ते मिठाचं काय ते सगळ्यांना नीट समजावून सांग."

तिने सांगितलं, तुळसीलाही ऐकू जावं म्हणून फोन चालूच ठेवून. ज्याने माप बदललं, त्याने त्या जागी हिरव्या पानाची खूण टाकायची. मध्वेश कान देऊन ऐकत होता. मग त्याने आपल्या मोबाइलवर ती आखणी उघडली. पंजाच्या मनगटाचं माप त्याला कधीपासून खटकत होतं. त्याने बोट पुढे केलं, तर तिथे आधीच एक हिरवं पान होतं. तुळसीचं; तिने ते माप आधीच बदललं होतं. त्याने बोट मागे घेतलं.

तिकडे तिरुनीलक्कुडीच्या गच्चीवर, तुळसी अजून डोळेच पुसत होती, तोच पडद्यावर कप्तानाची ओळ आली, "मनगटाचें मीठ तुझें. कोपराचें कोण टाकणार, तूं कां मी?"