पिवळ्या पोटावर लाल शिवण

तर झालं काय, चिनात्सुच्या दादाचा, हारुमाचा, हा पहिलाच सोरोन. गेलेली माणसं तीन दिवस घरी जेवायला येतात ना, तो. आणि सण तोंडावर आलेला असताना वादळ आलं, अंगणातली पोवळ्याच्या दगडांची भिंत धडाधडा कोसळली आणि कोसळली ती नेमकी हारुमाच्या कयाकवर.

हारुमा वसंतात एकटाच समुद्रातल्या खडकांच्या रांगेपलीकडे गेला होता. परत आली ती नुसती पिवळी कयाक, रिकामी, साधा ओरखडासुद्धा नाही. तो सापडलाच नाही. आणि आता त्या कयाकचं पोट हातभर फाटलेलं, आत डोकावलं की खालची वाळू दिसायची.

आई म्हणाली, "सोरोनच्या आत दुरुस्त करून घे."

"आई, आता ती चालवणारे कोण?"

"बाकीच्यांची माणसं थडग्यातून चालत येतात. हा पाण्यातून यायचाय. कशात बसून येईल?"

घरोघरी देव्हाऱ्यापाशी ऊस उभा करत होते, पूर्वजांना काठी टेकत यायला म्हणून. आईने ऊस आणलाच नाही.

मग चिनात्सु केदाशिरोकाकांना घेऊन आली. काका बंदरावर बोटी सांधतात, आणि तोंडाने एकदम फाटके. वाकून त्यांनी चिरेत हात घातला. "अगं, ही कयाक आहे की भोपळ्याची फोड?"

चिनात्सु हसली. आई नाही हसली.

"ह्या प्लॅस्टिकला गोंद धरत नाही," काका म्हणाले. "ह्याच्याच जातीच्या पट्ट्या हव्यात, वितळवून भरायला. दुसरं काही घातलं की सोलून निघतं. तुझी लाल ह्याच्याच जोडीची ना?"

जोडीचीच. दोघा भावंडांनी एकदमच घेतल्या होत्या. त्या लाल कयाकमधून चिनात्सु पर्यटकांना खारफुटीच्या नदीत फिरवायची, तेच तिचं काम, आणि खरं सांगायचं तर दादा गेल्यापासून त्या घरात तिला श्वास घ्यायला तेवढीच एक जागा उरली होती.

तिचा चेहरा बघून काका म्हणाले, "घाबरू नकोस गं. बसायच्या जागेचा काठ आहे ना, तिथून बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढू. तुझ्या कयाकला कळायचंसुद्धा नाही. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी चिनात्सु दुकानातून तांदूळ घेऊन आली तर अंगणात लाल भुगा सांडलेला. आई करवत धूत होती. लाल कयाक पालथी, आणि तिच्या बुडाला, अगदी मधोमध, परातीएवढं भोक.

"आई, काठावरून काढायचं होतं."

"मला काय कळतं त्यातलं."

"काका तुझ्यासमोरच बोलले."

आईने करवत पुसली, खिळ्याला अडकवली. "भरपूर निघालं बघ. कमी नको पडायला."

काका आले, भोक बघितलं आणि त्याच्या काठावरून बोट फिरवलं. मग हळूच चिनात्सुला म्हणाले, "हे आता सांधत नाही, पोरी. नवीनच घ्यावी लागेल."

"नवीन कशाला?" आई आतून म्हणाली. बस्स, तेवढंच.

काकांनी गरम हवेचं यंत्र लावलं, पट्ट्या मऊ करून चिरेत दाबत गेले, जळक्या प्लॅस्टिकच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि चिनात्सुने ते पुसलं नाही. वासाचंच आहे, असं कुणालाही वाटलं असतं. संध्याकाळी पिवळ्या पोटावर लाल शिवण तयार होती. पाण्यात घालून बघितली, थेंब आत आला नाही. आईने ती किनाऱ्यावर ठेवायला लावली, नाक घराकडे करून.

तीन दिवस आई ताट वाढायची आणि रिकाम्या पाटाला सांगायची, "सावकाश जेव, काटे आहेत." चिनात्सु पर्यटकांना फोन करून नाही म्हणत होती.

शेवटच्या संध्याकाळी सगळं गाव दारात वाटखर्चाच्या खोट्या कागदी नोटा जाळून आपापल्या माणसांना निरोप देत होतं. आई घरात नव्हती. चिनात्सु नैवेद्याचं ताट घेऊन किनाऱ्यावर गेली तर पिवळी कयाक झाडाला बांधलेली. दोर बुंध्याभोवती गुंडाळून गुंडाळून, गाठीवर गाठ. आणि आई शेजारी वाळूत बसलेली.

चिनात्सुने ताट खाली ठेवलं आणि गाठी सोडवायला घेतल्या.

"राहू दे."

"आई, मग तो जाईल कसा?"

आई नुसती बघत राहिली, कयाककडे नाही, चिनात्सुच्या हातांकडे. आणि तेव्हा चिनात्सुला ते परातीएवढं भोक आठवलं आणि सगळं एकदम लख्ख कळलं. आई दादाला जाऊ देणार नव्हती, आणि तिलाही नाही.

दोर जवळजवळ सुटला होता. खालची गाठही आईच्याच हातची होती, साधी, कपडे वाळत घालायच्या दोरीला मारतात तसली. भरतीला टिकली नसती.

चिनात्सुने दोर पुन्हा ओढून घेतला आणि दादाने शिकवलेली गाठ मारली, पक्की, भिजली की आणखी आवळत जाते ती. मग आईला हाताला धरून उठवलं.

"चल, जेवण गार होतंय."