मरीमायचा गंज

"मीठ मीच टाकीन. बाकीच्यायनं चुलीपासून चार हात लांब राहा!" असं फर्मान काढून रुखमाबाईनं मूठभर खडेमीठ उकळत्या गंजात, त्या भल्या मोठ्या पातेल्यात, सोडलं.

उंद्रीच्या शिवेवर मरीमायचा बकरा शिजत होता. बकरा एक आणि खाणारं अख्खं गाव. म्हणून सालासकट काळे उडीदही त्याच गंजात पडत. मुंडी, पाय, काळीज, सगळं त्यातच. पण नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी चाखायचं नाही, हा देवीचा नेम. न चाखता जिचा हात चुकत नाही, तिनंच ढवळायचा सराटा धरायचा. वीस वर्षं तो लाकडी सराटा रुखमाबाईच्या हाती होता. बाई नुसत्या वासावर रांधते, असं चिखलीच्या बाजारापर्यंत लोक सांगत.

मागच्या साली मानमोडीच्या तापाची साथ आली. तिचा एकुलता एक नामदेव घेऊन गेली आणि जाता जाता बाईचा वासही. तिचा ताप उतरला, नाक काही परत आलं नाही. जिभेला खारट-तिखट तेवढं कळे. तिनं हे कोणालाच सांगितलं नाही. सांगून काय, लोक हळहळणार आणि सराटा काढून घेणार! मुलगा गेला, आता हेही जावं? पण मध्यंतरी एका बारशाला तिची डाळ बुडाशी लागली आणि बाई शेजारीच गप्पा मारत बसली. तेव्हापासून पाटलीण गीताबाईच्या मनात पाल चुकचुकत होती. आज बिघडलं तर सराटा गेलाच म्हणायचा.

तरी बाई भ्यायली नव्हती. नाक गेलं तर गेलं, कान शाबूत होते, बोटं शाबूत होती. उडीद चिमटीत दाबला की कळतो. गंज रटरट करतो तोवर पाणी पुरेसं. फदफद करू लागला की जाळ ओढून घ्यायचा. त्यात कसली आली विद्या!

दोन तास झाले असतील. गीताबाई चुलीजवळ आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अव रुखमाबाई, करपल्याचा वास येऊन राह्यला ना व!"

बायांच्या माना वळल्या. रुखमाबाईची सून कोकिळा जवळच भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. रुखमाबाईच्या मनात आलं, खरंच लागलं असेल तर? पण ती वाकली नाही, की उगाच नाक फुगवलं नाही. सराटा थेट बुडाला टेकवला आणि सावकाश गोल फिरवला. कुठे अडला नाही, कुठे खरखरला नाही.

"बुड साफ हाय," ती म्हणाली. "तुह्या नाकाले काय झालं व माय? सर्दी झाली काय?"

बाया फिदीफिदी हसल्या. गीताबाईनं उगाच पदर सावरला.

नैवेद्य झाला. शेषराव पाटलांनी पहिला घास घेतला आणि सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं.

"माह्याकडं काय पाहून राह्यले बे? वाढा!" पाटील ओरडले. "रुखमाबाई, हातपाय चालतात तोवर हा सराटा तुमचाच!"

गीताबाईनं तिसऱ्यांदा द्रोण पुढे केला. रुखमाबाईनं तो काठोकाठ भरला, वर एक नळीही घातली.

मरीमायचं जेवण शिवेच्या आत न्यायचं नसतं. बुडाशी उरलेलं घेऊन सासू-सून निंबाखाली शेवटी जेवायला बसल्या.

"कसं झालं व?"

"मीठ बरोबर हाय, आत्याबाई."

"मीठ कळते मले." रुखमाबाई इकडे तिकडे बघत हळूच म्हणाली, "वास सांग."

कोकिळाला नवल वाटलं नाही. "मले बारशापासून ठाऊक हाय. म्हणूनच तं गंजाजवळ भाकरी थापत बसली. त्या बाईनं करपलं म्हटलं, तवा मी नाही म्हणून मान हलवत होती. तुम्ही माह्याकडं पाह्यलंच नाही!"

रुखमाबाईला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "सांग ना व."

"लसूण हाय. भाजलं खोबरं हाय. अन् उडदाचा तो... वावरातून आले की हे दारातूनच विचारत ना, माय, आज उडीद काय? तसाच वास हाय, आत्याबाई. अगदी तसाच."

रुखमाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात घालून बराच वेळ चावत राहिली.

"अजून सांग," ती म्हणाली.