भोपळ्याचं मेडल

लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, टोपीला तुरा! कपडे बदलायच्या खोलीतल्या आरशात म्हाताऱ्यानं स्वतःला पाहिलं आणि त्याला शिसारीच आली. सर्कशीतलं अस्वलही याहून बरं दिसलं असतं.

पण करतो काय? अडला हरी गाढवाचे पाय धरी. जावई याच हॉटेलच्या कोठारात कित्येक वर्षं हंगामी म्हणून राबत होता. मॅनेजरनं त्याला तोंडावर सांगितलं होतं, "तुझा सासरा लढाईत होता ना? मेडलं लावून दारावर उभा राहू दे, मग तुला कायम करायचं बघू." जावयानं घरी येऊन हात जोडले, "मामा, तेवढं जरा समजून घ्या." लेक पाठ करून भांडी घासत राहिली, आणि म्हातारा त्या पाठीपुढे हरला.

मेडलं दोनच. एक लढाईला गेलेल्या सगळ्यांनाच मिळालेलं. पलटणीच्या स्वयंपाक्यालासुद्धा, ज्यानं शत्रूपेक्षा आपल्याच माणसांची पोटं जास्त बिघडवली होती. दुसरं मात्र शौर्याचं. भोपळ्या नावाचा एक जाडा, बडबड्या शिपाई याचा जोडीदार होता. टेकडीवर भोपळ्याच्या पोटात गोळी घुसली. यानं त्याला पाठीवर घेतलं आणि वरून गोळ्या येत असताना उतार उतरला. सारी वाट त्याला शिव्या घातल्या, "लेका, दोन घास कमी खाल्ले असतेस तर काय मेला असतास?" खाली आल्यावर कळलं, भोपळ्या वाटेतच गेला होता. साहेबांनी मेडल टोचलं तेव्हा म्हाताऱ्याला स्वतःचीच किळस आली होती. पण ते त्यानं जपलं. भोपळ्याला ना बायको, ना पोर, ना एखादा फोटो. त्याचं म्हणावं असं जगात तेवढंच उरलं होतं.

"काका, दोनच?" मॅनेजर आत येत म्हणाला. "पलीकडच्या दारावर बघा जरा."

पलीकडे बँडमधून आलेला एक तरणाबांड गडी सहा मेडलं मिरवत उभा होता. ती नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडून आणलेली. गड्यानं उभ्या जन्मात ढोलाशिवाय काही बडवलं नव्हतं.

"जोडी जुळायला हवी," म्हणत मॅनेजरनं खिशातून चार पत्र्याची मेडलं काढली आणि भोपळ्याच्या मेडलाला खेटून टोचली. म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लेकीची पाठ आठवली. मूग गिळून तो दाराशी जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी लग्नाची मंडळी आली. त्यातला एक पाहुणा, अंगाला अत्तर आणि तोंडाला दारूचा भपका, दारातच थबकला. "काय आजोबा, यातलं खरं कुठलं?" उत्तराची वाट न बघता तो तेलकट बोटांनी एकेक मेडल चाचपू लागला. भोपळ्याच्या मेडलावर त्याचं बोट थांबलं. "हे नक्की खोटं! बघा, काळं पडलंय." सगळे खो खो हसले. मॅनेजर हसला. मागे कोठाराच्या दारात उभा असलेला जावईही हसला. आणि पाहुण्यानं तीच बोटं त्या मेडलाच्या फितीला पुसली.

म्हाताऱ्याचा हात उठला. एक अशी ठेवून द्यावी की दात घशात जावेत! पण जावयाचं हसू मावळलं होतं. तो तिथूनच हात जोडून उभा होता. थुत् असल्या जिण्यावर! म्हाताऱ्यानं उठलेला हात दाराच्या मुठीवर ठेवला आणि ते उघडलं. "या साहेब."

मंडळी आत गेल्यावर तो कपड्यांच्या खोलीत गेला. आपली दोन्ही मेडलं काढली. फीत साबणानं धुतली, पुन्हा धुतली, रुमालात गुंडाळून विजारीच्या खिशात ठेवली. मग सरळ मॅनेजरपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, दोन कमी पडतायत. द्या आणखी."

"आणि तुमची?"

"ती भोपळ्याला परत दिली."

मॅनेजरला काही कळलं नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. त्यानं आणखी दोन पत्रे कोटाला टोचले, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "हां! आत्ता कसे खरेखुरे सैनिक दिसताय!"

म्हाताऱ्यानं कडक सलाम ठोकला आणि दार उघडायला गेला.