तीन फुटांखालची ओल

चंद्रशेखर मेश्राम भंडाऱ्याहून लखनौला आले ते १९७६ साली, मातीची पाहणी करणाऱ्या एका सरकारी कार्यालयात निरीक्षक म्हणून. दोन वर्षांनी त्यांच्याच तालुक्यातला दत्तू रामटेके त्याच कार्यालयात, त्याच हुद्द्यावर आला. परमुलखात गावाकडचा माणूस भेटला की नातं जुळायला वेळ लागत नाही. मेश्रामांची बायको गीता आणि दत्तूची बायको चंदा एकमेकींच्या घरी भाजी चिरायला बसायच्या, आणि चौदा एप्रिलला दोन्ही घरं मिळून विहारात जायची.

काम दोघांचं सारखंच होतं. दर सोमवारी ठरलेल्या शेतात जायचं. हातानं फिरवायच्या लांब गिरमिटानं जमिनीत भोक पाडायचं. एक, दोन आणि तीन फुटांवरची माती वेगवेगळ्या डब्यांत घ्यायची, कार्यालयात आणून तोलायची, दिवसभर भट्टीत वाळवायची आणि पुन्हा तोलायची. वजन जेवढं घटलं तेवढं त्या मातीत पाणी होतं. मेश्रामांकडे मलिहाबादच्या आंब्याच्या बागा होत्या, दत्तूकडे चिनहटच्या पलीकडची सहा गावं. महिन्याच्या शेवटी दोघं एकमेकांच्या तक्त्यांवर तपासनीस म्हणून सही करत. विश्वास इतका की चहा पिता पिता सही व्हायची.

दत्तू १९९५ च्या जानेवारीत, ऐन थंडीत गेला. फुप्फुसं आधीच खराब झाली होती. चंदाला अनुकंपा तत्त्वावर त्याच कार्यालयात, आवक-जावक विभागात नोकरी मिळाली. दत्तूच्या जागी मात्र कुणी आलं नाही, त्याच्या गावांची मोजणी बंद पडली.

१९९७ मध्ये वरून आदेश आला की गेल्या वीस वर्षांच्या नोंदी बघून, कोणत्या गावांना दुष्काळाचा धोका आहे त्यांची यादी करा. नवे अधिकारी हर्षवर्धन साहेब यांनी ते काम मेश्रामांवर सोपवलं. मलिहाबादचं चित्र मेश्रामांना ठाऊकच होतं. पाऊस सरासरीइतका पडलेल्या वर्षीही तीन फुटांवरची ओल घटत चालली होती. सुरुवातीला पावसाळ्यानंतर शंभराला एकोणीस भरायची, आता तेरा. पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडून वाहून जात होता आणि कूपनलिका खालचं पाणी ओढत होत्या. वरची माती ओली दिसे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

चिनहटकडची गावं मात्र ठणठणीत होती. एकोणीस, साडेअठरा, एकोणीस. ती यादीतून गळणार होती.

मेश्राम ते आकडे तीन दिवस बघत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी १९८८ चा तक्ता पुढच्या वर्षांच्या तक्त्यांशेजारी ठेवला. एका फुटावरचे आकडे दरवर्षी वेगळे होते. दोन आणि तीन फुटांवरचे मात्र १९८८ चेच होते, दशांशानंतरचा अंक तेवढा बदललेला. १९८९ ते १९९४, सहा वर्षं. प्रत्येक पानाखाली त्यांची स्वतःची सही होती.

पुढच्या सोमवारी ते गिरमिट घेऊन दत्तूच्या शेतांवर गेले. पहिलं शेत रामदुलारे नावाच्या म्हाताऱ्याचं होतं. दोन फुटांखाली गिरमिट करकरायला लागलं. तीन फुटांवरून आलेली माती मुठीत दाबली तर गोळा होईना, बोटांमधून पिठासारखी सांडली. रामदुलारे बघत उभा होता. त्याची पेरूची बारा झाडं वाळली होती, असं त्यानं सांगितलं. मग दत्तूची आठवण काढली.

"बड़े भले आदमी थे," तो म्हणाला. "बाद में बहुत हाँफते थे. थोड़ा-सा खोदते, फिर वहीं मेड़ पर बैठ जाते. हम कहते, लाइए हम खोद दें, तो मना कर देते." धाप लागून बांधावर बसलेला दत्तू मेश्रामांच्या डोळ्यांसमोर आला.

मेश्राम सहाही गावं फिरले. वाळवलेल्या मातीचं वजन केलं. कुठे अकरा, कुठे बारा. मलिहाबादपेक्षाही वाईट.

घरी आल्यावर त्यांनी गीताला सगळं सांगितलं. प्राची, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, शेजारी पुस्तक घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पापा, अंकल तो रहे नहीं. आप नई रीडिंग डाल दो, पुरानी को रहने दो." पण तसं करता येत नव्हतं. जुने आकडे तसेच ठेवले तर वीस वर्षांची सरासरी चांगलीच निघत होती, आणि सहाही गावं बाहेरच राहत होती. गीता एवढंच म्हणाली की आधी चंदाला सांगा, तिला ऑफिसात दुसऱ्याकडून कळायला नको.

रविवारी सकाळी ते चंदाकडे गेले. तिनं जयभीम केला, चहा ठेवला. मेश्रामांनी तक्ते दाखवले तेव्हा ती चकित झाली नाही.

तिला माहीत होतं. दत्तूला दम लागायचा. तीन फुटांवरून गिरमिट ओढून काढताना एकदा तो शेतातच कोसळला होता. आजार सांगितला तर अपात्र ठरवून घरी बसवतील, ही भीती त्याला होती. घरी येऊन तो तक्ता भरायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही, असं तिनं सांगितलं.

"मला का नाही सांगितलं त्यानं?" मेश्रामांनी विचारलं.

"तुम्ही त्याचं काम करायला लागला असता, भाऊजी. आणि पकडले गेला असता."

मग तिनं हात जोडले. हे लिहू नका, म्हणाली. आपल्या माणसाचं एक नाव निघालं की ऑफिसात सगळे काय बोलतात ते तुम्हीच वीस वर्षं ऐकताय. त्या टेबलावर रोज मला बसायचंय.

चंदा म्हणत होती, ते खरंच होतं. 'कोट्यातले' हा शब्द त्यांनी चहाच्या टपरीवर, जिन्यात, बंद दाराआडून कितीदा ऐकला होता. त्या शब्दाला तोंड द्यायचं म्हणून त्यांनी एकही सोमवार चुकवला नव्हता. पण रामदुलारेच्या शेतातली ती कोरडी माती त्यांच्या नजरेसमोरून हलत नव्हती. ते उठले आणि दारातून म्हणाले, "वहिनी, मी लिहिणार आहे. माझी सहीसुद्धा त्यात आहे, तेही लिहीन."

चंदानं दार लावून घेतलं. त्यानंतर कार्यालयात ती त्यांच्याशी बोलली नाही. गीता तिच्याकडे गेली तर चंदा आतूनच बरं नाही म्हणून सांगायची.

मेश्रामांनी अहवाल लिहिला. सहा वर्षांच्या खोल थरांच्या नोंदी खऱ्या नाहीत, निरीक्षक गंभीर आजारी असल्यानं ते नमुने घेऊ शकले नाहीत, आणि तपासनीस म्हणून सही करताना मी ते पाहिलं नाही. हर्षवर्धन साहेबांनी वाचलं आणि आजाराची ओळ खोडली. माणूस वाईट नव्हता, त्यांचं म्हणणं सरळ होतं: अहवाल मातीचा आहे, माणसांच्या तब्येतीचा नाही. 'नोंदी अविश्वसनीय' एवढं पुरे.

त्या दुपारी चंदा पहिल्यांदा मेश्रामांच्या टेबलाशी आली. खोडलेली प्रत टंकलेखनासाठी तिच्या हातून गेली होती.

"लिहायचंच असेल तर पूर्ण लिहा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तो आळशी नव्हता. एवढं तरी राहू द्या."

मेश्राम तडक साहेबांच्या खोलीत गेले. ती ओळ राहणार नसेल तर आपण सही करणार नाही, असं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. साहेबांनी नियम सांगितले, मग आवाज चढवला. सहीशिवाय अहवाल पुढे जाणार नव्हता आणि तारीख जवळ आली होती. शेवटी ती ओळ तळटीप म्हणून राहिली.

अहवाल १९९८ च्या मार्चमध्ये गेला. सहाही गावं यादीत आली. मेश्रामांच्या सेवापुस्तकात ताकीद लागली, आणि वरिष्ठ निरीक्षकाची जागा त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. कार्यालयात काही दिवस कुजबुज झाली. चंदाच्या टेबलाजवळ बोलणं मुद्दाम थांबायचं. ती मान वर करून बघायची, तेव्हा समोरचाच नजर वळवायचा.

अहवालाच्या प्रती पाकिटांत घालायचं काम तिच्याकडेच होतं. तळटिपेचं पान तिनं एकदा उघडून वाचलं, ते मेश्रामांनी लांबून पाहिलं. त्यात दत्तूचं नाव नव्हतं, फक्त 'निरीक्षक' होतं. तिनं पान मिटलं आणि पाकीट चिकटवलं. पुढच्या रविवारी ती गीताकडे आली, मेथी निवडत बसली आणि जेवून गेली.

चिनहटकडची गावं आता मेश्रामांकडे आली. रामदुलारेनं विचारलं, यादीत नाव आल्यानं पाणी येईल का. मेश्रामांनी खोटा दिलासा दिला नाही. पाणी लगेच येणार नाही, पण आता इथे कोरडं आहे हे सरकारी कागदावर आहे, असं ते म्हणाले. म्हाताऱ्यानं गिरमिटाची दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी मिळून ते तीन फुटांपर्यंत उतरवलं.